‘बी. एस. ओ.’ या तीन अक्षरांचा अर्थ बाईला सांगा

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

दर वर्षी १८ ऑक्टोबर हा जागतिक रजोनिवृत्ती दिन म्हणून आणि त्यानंतर दोनच दिवसांनी, २० ऑक्टोबरला, हाडांच्या ठिसूळपणाविषयीचा जागतिक ऑस्टिओपोरोसिस दिन म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने आपल्या पुरवणीत आलेले लेख मी मन लावून वाचले. आहार, व्यायाम, झोप आणि मनःस्वास्थ्य यांविषयी त्यांत जे सांगितले होते ते योग्यच होते. मात्र पाळी पंचेचाळिशीच्या पुढे, आपल्या गतीने, मागेपुढे होत होत थांबते, हे प्रत्येक लेखाने गृहीत धरले होते. मी ज्या बीड जिल्ह्यात एकतीस वर्षे आरोग्य सेविका म्हणून नोकरी केली, तेथून नेमक्या याच दिवसांत, दसरा-दिवाळीच्या सुमारास, ऊसतोडणीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. त्या ट्रॅक्टर-ट्रकमध्ये भांड्याकुंड्यांसह बसलेल्या कितीतरी बायकांची पाळी त्यांच्या शरीराने थांबवलेली नसते. ती तिशीच्या आतबाहेर, शस्त्रक्रियेच्या टेबलावर, एका सकाळी थांबलेली असते. त्यांच्याविषयी लिहिणे मला भाग आहे, कारण त्यांच्याबाबतीत जे सांगायचे राहून गेले त्यात माझाही वाटा आहे.

निवृत्तीला दोन वर्षे उरली असताना उपकेंद्रात एक बाई मनगट सुजलेले घेऊन आली. वय एक्केचाळीस. विहिरीच्या पायरीवरून पाय घसरला आणि तिने हात टेकला, एवढेच निमित्त होते. एक्स-रेमध्ये हाड मोडलेले दिसले आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनी विचारले, “बाई, तुमची पाळी केव्हा गेली?” ती म्हणाली, “पिशवी तर कवाच काढली की, आठ्ठावीसची असताना. त्याचा अन् हाताचा काय संबंध?” दुसऱ्या दिवशी तिने घरून जुना डिस्चार्ज कागद आणला. त्यावर इंग्रजीत ‘टी. ए. एच. विथ बी. एस. ओ.’ असे लिहिले होते. पहिल्या तीन अक्षरांचा अर्थ असा की पोटावर छेद घेऊन गर्भाशय पूर्ण काढले. पुढच्या तीन अक्षरांचा अर्थ असा की दोन्ही बाजूंच्या बीजनलिका आणि दोन्ही अंडाशयेही काढली. तेरा वर्षे तो कागद तिच्या पत्र्याच्या पेटीत होता, आणि त्या तेरा वर्षांत मी तिच्या घरी कितीदा गेले याचा हिशेब नाही. माझ्या पात्र जोडप्यांच्या नोंदवहीत तिच्या नावापुढे ‘पिशवी काढली’ असा शेरा होता आणि त्या शेऱ्यानंतर आमच्या लेखी तिचे काम संपले होते. तिला आता मूल होणार नव्हते, म्हणून कोणत्याही रकान्यात ती बसत नव्हती. अंडाशये राहिली की गेली, हे मी तिला कधी विचारले नाही.

हा प्रश्न विचारायचा असतो हेच आपल्याकडे रुजलेले नाही, कारण बोलीत ‘पिशवीचे ऑपरेशन’ या एका शब्दात दोन फार वेगळ्या गोष्टी सामावल्या आहेत. गर्भाशय हा गर्भ वाढवणारा आणि दरमहा अस्तर टाकणारा अवयव आहे. तो गेला की पाळी जाते आणि मूल होत नाही. अंडाशय दरमहा बीज तर देतेच, शिवाय संपूर्ण शरीराला लागणारी संप्रेरकेही (हार्मोन्स) तयार करते. त्यांतले मुख्य म्हणजे इस्ट्रोजेन. केवळ गर्भाशय काढलेल्या बाईच्या रक्तात इस्ट्रोजेन पुढेही येत राहते, तिला फक्त महिन्याची पाळी दिसत नाही. दोन्ही अंडाशये काढलेल्या बाईच्या रक्तातले इस्ट्रोजेन मात्र एक-दोन दिवसांत कोसळते. नैसर्गिक रजोनिवृत्तीत जो उतार काही वर्षे चालतो, तो येथे कड्यावरून पडल्यासारखा होतो, आणि तोही शरीराला ज्याची अजून पंधरा-वीस वर्षे गरज असते अशा वयात.

इस्ट्रोजेन म्हणजे केवळ मूल होण्यापुरते द्रव्य, हा समज त्याच्या नावापासूनच चालत आला आहे. १९२३ साली अमेरिकेतील सेंट लुईस येथे एडगर ॲलन आणि एडवर्ड डॉयझी यांनी अंडाशयातील द्रवामुळे उंदराच्या मादीत माजाची लक्षणे दिसतात हे दाखवून दिले, आणि १९२९ मध्ये डॉयझी व जर्मनीतील ॲडॉल्फ ब्युटेनान्ट यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे त्या कुळातले पहिले शुद्ध संप्रेरक वेगळे केले. जनावराच्या माजासाठी वापरल्या जाणाऱ्या, मूळ ग्रीक असलेल्या शब्दावरून त्याचे नाव ठेवले गेले. पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून शिकागोच्या एलवुड जेन्सन यांनी पेशींमधील इस्ट्रोजेनचे ग्राहक, म्हणजे ज्या कुलपात ही किल्ली बसते ती कुलपे, शोधायला सुरुवात केली. आज ही कुलपे हाडांत, रक्तवाहिन्यांच्या भिंतींत, मेंदूत, यकृतात, मूत्राशयात आणि त्वचेत आढळलेली आहेत. ज्या अवयवाचा मूल होण्याशी काडीचा संबंध नाही त्यालाही इस्ट्रोजेन लागते, हे यातून सिद्ध झाले. तरीही आपल्या बोलण्यात ते ‘बायकांचे, मुलाबाळांचे’ असेच राहिले.

सर्वांत स्वच्छ उदाहरण हाडांचे आहे. हाड बाहेरून दगडासारखे वाटले तरी आतून ते सतत मोडले आणि बांधले जात असते. एका प्रकारच्या पेशी जुने हाड पोखरतात, दुसऱ्या प्रकारच्या पेशी ती जागा नव्या हाडाने भरतात. पोखरणाऱ्या पेशींवर इस्ट्रोजेनचा लगाम असतो. तो सुटला की त्या संख्येने वाढतात, अधिक काळ जगतात आणि भरणाऱ्या पेशी मागे पडतात. बॉस्टनमधील फुलर अलब्राइट यांनी १९४० च्या सुमारासच पाळी गेलेल्या स्त्रियांच्या ठिसूळ हाडांचे कारण इस्ट्रोजेनची उणीव हे आहे, असे मांडले होते. पाळी नैसर्गिकरीत्या गेली तरी नंतरच्या पाच-सात वर्षांत हाडांच्या घनतेचा पाचवा हिस्सासुद्धा जाऊ शकतो. पण पन्नाशीला आलेल्या बाईने तोपर्यंत आपल्या हाडांची पुंजी पूर्ण जमवलेली असते. अठ्ठाविसाव्या वर्षी अंडाशये गेलेल्या बाईची पुंजी नुकती कुठे भरलेली असते आणि त्याच दिवसापासून ती खर्ची पडू लागते. तिने एक्केचाळिसाव्या वर्षी मनगट मोडून घेतले यात नवल करण्यासारखे काही नव्हते. मनगट हा पहिला इशारा असतो. त्यानंतर पाठीचे मणके दबतात, उंची कमी होते, आणि सर्वांत शेवटी खुबा मोडतो.

येथे काही जण म्हणतील की ऊसतोड बाया तर दिवसभर कष्ट करतात, डोक्यावर मोळ्या वाहतात, त्यांची हाडे मजबूतच असणार. भार उचलल्याने हाडाला चालना मिळते हे खरे आहे. परंतु इस्ट्रोजेन नसताना ती चालना पुरी पडत नाही. शिवाय भाकरी, मिरचीचा ठेचा आणि चहा यांवर दिवस काढणाऱ्या बाईच्या पोटात दूध-दही किती जाते, हे आपण सर्व जाणतो. ठिसूळ झालेल्या मणक्यांवर चाळीस-पन्नास किलोची मोळी चढत असेल तर तो भार व्यायाम न राहता धोका होतो.

इस्ट्रोजेन हा केवळ बायकांचा विषय आहे असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी एक नोंद सांगण्यासारखी आहे. १९९४ मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांनी अठ्ठावीस वर्षांच्या एका पुरुषाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच्या शरीरात इस्ट्रोजेन होते, परंतु ग्राहकातील जन्मजात दोषामुळे ते कोणत्याच पेशीला उपयोगी पडत नव्हते. त्याची उंची २०४ सेंटिमीटर होती आणि ती अजून वाढतच होती, कारण वयात येताना हाडांची वाढणारी टोके बंद करण्याचे काम पुरुषातही इस्ट्रोजेनच करते. त्याची पुरुषी संप्रेरके व्यवस्थित होती, तरीही हाडे ठिसूळ झाली होती. पुरुषाचे शरीर आपल्या टेस्टोस्टेरॉनमधून थोडे इस्ट्रोजेन बनवते आणि त्यावरच त्याचा सांगाडा टिकून राहतो. मग एखाद्या तरुण स्त्रीच्या शरीरातून ते जवळजवळ पूर्णपणे काढून घेताना आपण तिला एक शब्दही सांगू नये, हे मला कोणत्याही वैद्यकीय कारणाने समजून घेता येत नाही.

हाडांइतका उघड नसलेला परिणाम हृदयावर होतो. इस्ट्रोजेनमुळे रक्तवाहिन्या लवचीक राहतात आणि घातक कोलेस्टेरॉल आटोक्यात राहते. ते गेले की काही वर्षांत स्त्रीच्या हृदयविकाराचा धोका वाढू लागतो. अमेरिकेतील परिचारिकांच्या मोठ्या पाहणीतून, ज्यात माझ्याच व्यवसायातल्या हजारो स्त्रियांनी आपली माहिती वर्षानुवर्षे दिली, २००९ मध्ये एक निष्कर्ष पुढे आला. कर्करोग नसताना गर्भाशय काढलेल्या २९,३८० स्त्रियांची चोवीस वर्षांची माहिती त्यात तपासली गेली. ज्यांची अंडाशयेही काढली होती त्यांच्यात अंडाशयाचा आणि स्तनाचा कर्करोग कमी आढळला, पण हृदयविकार आणि एकूण मृत्यू अधिक आढळले. अंडाशये काढल्याने आयुष्य वाढले असे कोणत्याही वयोगटात दिसले नाही. मिनेसोटा राज्यातील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २००६-०७ मध्ये दाखवले की पंचेचाळिशीच्या आत दोन्ही अंडाशये काढलेल्या आणि नंतर इस्ट्रोजेन न मिळालेल्या स्त्रियांमध्ये मृत्यूचे प्रमाण जास्त होते, तसेच शस्त्रक्रियेच्या वेळी वय जितके कमी तितका पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका अधिक होता. या निरीक्षणावर आधारलेल्या पाहण्या आहेत, त्यामुळे प्रत्येक मृत्यूचे कारण इस्ट्रोजेनची उणीव हेच होते असे म्हणता येणार नाही, हे मला ठाऊक आहे. मात्र अनेक ठिकाणच्या पाहण्या एकाच दिशेने बोट दाखवत असतील, तर निदान बाईला विचारून निर्णय घ्यावा एवढी सावधगिरी आपण बाळगायला हवी.

आणि रोजच्या त्रासाचे काय? माझ्या भागातल्या बायका सांगत, “सिस्टर, अंगातून वाफा निघत्यात, रातच्याला गोधडी फेकून द्यावी वाटती.” मेंदूतील तापमान सांभाळणारे केंद्र इस्ट्रोजेनच्या अचानक अभावाने बिथरते आणि थंडीतही घाम फुटतो. त्यांना सांगितले जाई की अंगात उष्णता आहे, सब्जा घ्या. पहाटे चारला फडात जायचे असताना रात्रीतून पाच वेळा जाग येणे म्हणजे काय, हे ज्याने फड पाहिला आहे त्यालाच कळेल. लघवीला जळजळ होते, वरचेवर संसर्ग होतो, नवऱ्याजवळ जाणे नकोसे होते. मूत्रमार्गाचे आणि योनीचे अस्तर इस्ट्रोजेनवाचून पातळ व कोरडे पडते, म्हणून हे घडते. आम्ही प्रत्येक वेळी प्रतिजैविकांचा एक कोर्स हातात ठेवला. ज्या त्रासाला अनेकदा थोडेसे इस्ट्रोजेन असलेले मलम पुरले असते, त्यासाठी बायकांनी वर्षानुवर्षे प्रतिजैविके खाल्ली, आणि काहींनी तर घरातली बोलणी खाल्ली.

आता बीडविषयी. २०१९ मध्ये येथील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न देशभर गाजला, राष्ट्रीय महिला आयोगाने दखल घेतली, आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तपासणी केली. ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे दर सहा बायांमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात १५ ते ४९ या वयोगटात हे प्रमाण सुमारे तीन टक्के आहे. त्या वेळी कारणांचीही पुष्कळ चर्चा झाली आणि ती योग्य होती. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, मुकादमाची उचल आधीच अंगावर असते, एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात, पालावर संडास नाही, धुण्यापुरते पाणी नाही. अशा स्थितीत अंगावरून पांढरे जाणे किंवा पाळीत जास्त रक्तस्राव होणे हा आजार तर असतोच, शिवाय तो कर्जही वाढवतो. एकदाची पिशवी काढली म्हणजे सुटका, असे बाईला स्वतःलाही वाटू लागते. त्यात कोणी ‘कॅन्सर होईल’ एवढे दोन शब्द उच्चारले की तिने दागिना मोडलाच म्हणून समजा.

त्यानंतर जिल्ह्यात खासगी रुग्णालयांनी अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी असे बंधन आले. केंद्र सरकारने २०२२ मध्ये अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये राज्यांना त्या तीन महिन्यांत लागू करण्यास सांगितले. हे सर्व स्वागतार्ह आहे. तरीही या साऱ्या चर्चेचा केंद्रबिंदू गर्भाशय हाच राहिला. शस्त्रक्रिया गरजेची होती की नव्हती, हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण ज्यांची शस्त्रक्रिया होऊन दहा-पंधरा वर्षे झाली आहेत आणि ज्यांच्या कागदावर ती तीन अक्षरे आहेत, त्यांच्या शरीरात आज काय चालले आहे, हा प्रश्न मागे पडला. शस्त्रक्रिया उलटवता येत नाही. तिच्यामुळे जे संप्रेरक गेले त्याची भरपाई मात्र करता येते.

अंडाशये काढूच नयेत असे माझे म्हणणे नाही. अंडाशयात कर्करोग असेल किंवा ‘बी. आर. सी. ए.’ या जनुकांतील, अशा कर्करोगाचा धोका वाढवणारा दोष घराण्यात चालत आलेला असेल, तर ती काढणे जीव वाचवणारे ठरते. प्रश्न आहे तो निरोगी अंडाशये ‘आतच आहोत तर काढून टाकू’ या सवयीचा. कर्करोगाच्या ज्या भीतीने ती काढली जातात, त्या भीतीवर आज दुसराही मार्ग आहे. अंडाशयाच्या कर्करोगाचा सर्वांत घातक प्रकार पुष्कळदा बीजनलिकेच्या टोकाशी सुरू होतो, हे लक्षात आल्यावर कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०१० पासून स्त्रीरोगतज्ज्ञांनी गर्भाशय काढताना नलिका काढायच्या आणि अंडाशये राखायची असा प्रघात सुरू केला, आणि तो आता अनेक देशांत पोहोचला आहे. कर्करोगाचा धोका बराच उतरतो आणि संप्रेरकही टिकते. ‘बी. एस. ओ.’मधला ‘ओ’, म्हणजे अंडाशये काढणे, वगळला की बाईच्या आयुष्याची वीस वर्षे बदलतात.

आणखी एक बाब शहरी चर्चेत येत नाही. पाळी गेल्यावरही शरीरात थोडे इस्ट्रोजेन राहते. मूत्रपिंडांवर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी आणि वय झालेली अंडाशयेसुद्धा जी पुरुषी संप्रेरके सोडतात, त्यांचे चरबीच्या पेशींमध्ये एका सौम्य इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर होते. ज्या बाईच्या अंगावर मुळात चरबीच नाही आणि जिची अंडाशयेही गेली आहेत, तिच्याकडे ही शिल्लकही नाममात्र असते. फडातल्या बाया कशा वाळलेल्या असतात हे वेगळे सांगायला नको.

उपचाराचा विषय निघाला की बहुतेक डॉक्टर आणि सुशिक्षित माणसे एकच गोष्ट सांगतात, की हार्मोन्सच्या गोळ्यांनी स्तनाचा कर्करोग होतो. या भीतीचा उगम अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या चाचणीत आहे. १६,६०८ स्त्रियांवरील तिचा एक भाग जुलै २००२ मध्ये मुदतीआधी थांबवला गेला, कारण इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन हे दुसरे संप्रेरक अशी जोडगोळी घेणाऱ्यांत स्तनाचा कर्करोग, हृदयविकार आणि रक्ताच्या गुठळ्या वाढलेल्या दिसल्या. बातमी खरी होती. पण त्या स्त्रियांचे सरासरी वय त्रेसष्ट होते, त्यांची पाळी नैसर्गिकरीत्या कधीचीच गेलेली होती, आणि त्यांना गर्भाशय होते. गर्भाशय असताना नुसते इस्ट्रोजेन दिले तर त्याच्या अस्तराचा कर्करोग होऊ शकतो, म्हणून जोडीला प्रोजेस्टिन द्यावे लागते. ज्यांचे गर्भाशय काढलेले होते अशा १०,७३९ स्त्रियांवर त्याच चाचणीचा दुसरा भाग झाला आणि त्यांना केवळ इस्ट्रोजेन दिले गेले. तोही २००४ मध्ये थांबवला गेला, कारण पक्षाघाताचे प्रमाण वाढले होते; मात्र त्या गटात स्तनाचा कर्करोग वाढला नाही आणि खुब्याची मोडतोड घटली. ही दुसरी अर्धी बातमी आपल्यापर्यंत पोहोचलीच नाही.

त्रेसष्ट वर्षांच्या बाईला इस्ट्रोजेन देणे आणि एकतीस वर्षांच्या बाईला तिचे हिरावलेले इस्ट्रोजेन परत देणे या एक गोष्टी नव्हेत. दुसरीला आपण काही जादा देत नाही. तिच्या वयाच्या प्रत्येक बाईच्या अंगात जे असते तेच देतो. म्हणूनच चाळिशी-पंचेचाळिशीच्या आत अंडाशये गेलेल्या स्त्रीला, अन्य अडचण नसेल तर, निदान नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या सर्वसाधारण वयापर्यंत संप्रेरक उपचार द्यावा, यावर जगभरच्या तज्ज्ञ संस्थांचे एकमत आहे. आपल्या देशात ते वय साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळीस आहे. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली असेल, पक्षाघात अथवा हृदयविकाराचा झटका आला असेल किंवा यकृताचा गंभीर आजार असेल, तर हा उपचार बहुधा टाळला जातो, आणि ते डॉक्टरांनीच ठरवायचे असते. माझे पत्र वाचून कोणी दुकानातून परस्पर गोळ्या आणू नयेत, ही कळकळीची विनंती. पण गर्भाशय नसल्यामुळे या बायांना एकटे इस्ट्रोजेन पुरते, प्रोजेस्टिनची जोड बहुधा लागत नाही, म्हणजे त्यांचा उपचार तुलनेने सोपा आहे. नेमक्या त्यांच्यापर्यंतच तो पोहोचत नाही.

ज्यांची अंडाशये राखली गेली त्यांनीही निर्धास्त राहू नये. गर्भाशय काढताना अंडाशयाचा रक्तपुरवठा काही प्रमाणात बाधित होत असावा असे मानले जाते, आणि अशा स्त्रियांची अंडाशये इतरांपेक्षा काही वर्षे आधी थकतात असे आढळले आहे. पाळी मुळातच नसल्याने ती केव्हा थकली हे बाईला कळत नाही. अंगातून वाफा येऊ लागल्या, झोप उडाली, तर तीच तिची खूण समजावी.

आपल्या दैनिकामार्फत आरोग्य विभागाकडे माझे मागणे अगदी कागदापुरते आहे. जिल्हा शल्यचिकित्सकांकडे परवानगीसाठी जो अर्ज जातो त्यात अंडाशयांचा वेगळा प्रश्न असावा, आणि ती काढायची असतील तर कारण लिहावे लागावे. संमतिपत्र मराठीत असावे, आणि ‘माझी अंडाशयेही काढणार आहेत, त्यामुळे माझ्या हाडांवर व हृदयावर परिणाम होईल आणि मला पुढे औषध लागेल हे मला सांगितले आहे’ हे वाक्य त्यात स्वतंत्रपणे असून त्यापुढे बाईची वेगळी सही किंवा अंगठा असावा. डिस्चार्ज कागदावर ‘दोन्ही अंडाशये ठेवली’, ‘एक काढले’, ‘दोन्ही काढली’ यांपैकी एकावर मराठीत खूण असावी. ज्यांची आधीच शस्त्रक्रिया झाली आहे त्यांच्यासाठी आशाताईंनी टोळ्या परतल्यावर घरोघर जाऊन जुने कागद पाहावेत. हे काम अवघड नाही, कारण आमच्या बाया कागद फेकत नाहीत, रेशनकार्डासोबत जपून ठेवतात. कागद नसेल तेथे सोनोग्राफी आणि एक रक्ततपासणी पुरेशी माहिती देते. अशा प्रत्येक स्त्रीची ग्रामीण रुग्णालयात एकदा नीट तपासणी व्हावी, इस्ट्रोजेनच्या गोळ्या आणि मलम तेथे मोफत मिळावे, आणि हाडांची घनता मोजण्याची सोय निदान जिल्हा पातळीवर असावी. गोळ्या सहा महिन्यांच्या एकदम द्याव्या लागतील, कारण सहा महिने ती बाई गावात नसते. ऊसतोडीच्या वेळापत्रकाला न जुळणारी योजना तिच्या कामाची नाही.

डॉक्टर मंडळींनाही एक विनंती आहे. मी आयुष्यभर त्यांच्याबरोबर काम केले आहे आणि त्यांच्यातल्या अनेकांनी अपुऱ्या साधनांत किती बाळंतिणींचे प्राण वाचवले हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. बाई अडाणी आहे, तिला संप्रेरक म्हणजे काय ते कळणार नाही, असे त्यांनी समजू नये. जिची पोटातली पुंजी जाणार आहे तिला ‘अंडाशय म्हणजे हाडांना आणि काळजाला रोज खुराक देणारी गाठ’ एवढे सांगितले तरी पुरते. मी निवृत्तीच्या शेवटच्या दोन वर्षांत असेच सांगत गेले, आणि एकाही बाईने मला ते कळले नाही असे म्हटले नाही. उलट प्रत्येकीने एकच विचारले, की हे आधी का नाही सांगितले.

मनगट मोडलेल्या त्या बाईला पुढे वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेले, तपासण्या झाल्या आणि इस्ट्रोजेन व कॅल्शियम सुरू झाले. दीड-दोन महिन्यांत तिची रात्रीची झोप परत आली. हाडांचे जे नुकसान तेरा वर्षांत झाले ते सगळे भरून निघणार नाही, हे डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितले. तिच्या जावेचीही शस्त्रक्रिया झालेली आहे. तिचा कागद पाहायचा अजून राहिला आहे, कारण ती टोळीबरोबर गेली असून आता हंगाम संपल्यावरच परत येईल.

आपली नम्र,
एक निवृत्त आरोग्य सेविका, जिल्हा बीड
(नाव व पत्ता प्रसिद्धीसाठी नाही)